रामटेकवर परक्याचा तास

१८ जानेवारी, रविवार. हजर: वैरागडे मॅडम, उज्ज्वला, मी आणि आमडी फाट्यापासून पुढे अशोक. सोबत घेतलेलं: चहाचा थर्मास, संत्री, मॅडमची काठी, गुडघ्याचा पट्टा आणि उज्ज्वलाने सकाळी उठून तळलेल्या सांबारवड्यांचा पुडा (सांबार म्हणजे आमच्या नागपुरातली कोथिंबीर).

सातला निघायचं ठरलं होतं. निघालो आठनंतर, कारण मॅडमची शाल सापडेना. धरमपेठेतल्या त्यांच्या घरातलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. येत्या गुरुवारी त्या मुलाकडे बंगळुरूला जाणार, त्या कायमच्याच. आवराआवरीला हात लावायला म्हणून मी पुण्याहून आले होते. पण फोनवर मॅडमनी मला दुसरंच काम सांगितलं होतं. "खोकी कोणीही भरेल. मला अशोकचा तास ऐकून जायचंय."

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते. कॉलेजात फ्रेंचचा वर्ग पहिल्या वर्षी गच्च असायचा. दुसऱ्या वर्षाला आम्ही मोजकेच उरलो. नमस्कार-चमत्कार करता येतो, पण पेपर उघडला की घाम फुटतो, अशी ती मधली पायरी. फ्रेंच आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, म्हणून मॅडम आठवड्यातून एकदा स्पॅनिशही शिकवत, आणि आमच्या डोक्यात दोन्हींची खिचडी होई. पुस्तकात जिकडे तिकडे पॅरिस. भुयारी रेल्वेचं तिकीट कसं मागायचं ते आम्ही घोकायचो आणि घरी सिटी बसला लोंबकळत जायचो.

एके दिवशी मॅडमनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, न पाहिलेल्या गावावर जीभ वळत नाही. तेव्हापासून दर शनिवारी 'परक्याचा तास' सुरू झाला. एकाने गाईड व्हायचं आणि इतरांना नागपुरातली एखादी जागा फ्रेंचमधून दाखवायची. बाकीच्यांनी परदेशी पाहुणे व्हायचं. पाहुण्याला काहीही माहीत असता कामा नये. संत्रं कसं सोलतात तेसुद्धा. आणि प्रत्येक पाहुण्याने निदान एक खुळा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी सीताबर्डीचा बाजार दाखवला होता, उज्ज्वलाने कॉटन मार्केट.

अशोक पारशिवनीचा. त्याने रामटेक घेतलं होतं: गड, आणि मग पायथ्याचा अंबाळा तलाव. आम्ही सगळे एसटीने जाणार होतो. त्याच सुमाराला त्याचे वडील अचानक गेले. ज्या शनिवारी तो आम्हाला अंबाळा दाखवणार होता, त्या शनिवारी तो तिथे वडिलांच्या अस्थी घेऊन उतरला. पुढे तो कॉलेजात आलाच नाही. मॅडमनी त्याचे गुण मात्र कधी शून्य धरले नाहीत. "बाकी आहे," एवढंच म्हणत राहिल्या.

कामठी रोडला लागलो तर डोक्यावरून मेट्रो गेली. उज्ज्वला गाडी चालवता चालवता पुस्तकातलं तिकिटाचं वाक्य घडाघडा म्हणाली. मागून मॅडमनी तिचा एक उच्चार सुधारला. कन्हान नदीवर धुकं होतं. पुढे धानाची कापून झालेली शेतं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा.

आमडी फाट्यावर अशोक टपरीपाशी उभा होता. आता पारशिवनीत त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. केस पिकलेत, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार टाकून. मॅडमच्या पाया पडला, गाडीत बसला आणि दार लावायच्या आतच त्याने सांगून टाकलं, "मी मॅडमले भेटाले आलो. तासाबिसाचं नाव काढू नका. मले एक अक्षर आठवत नाही."

"काहून गा, घाबरून राहिला का?" उज्ज्वला म्हणाली.

"घाबरून नाही राहिलो वं. युरियाचं पोतं फ्रेंचमध्ये मागते का कोणी?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी विषय बदलला आणि संत्री वाटली.

रामटेक गावात शिरताना एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. मॅडमनी गाडी थांबवायला लावली. बाईंनी विचारलं, "कुठून आल्या माय?"

"लांबून," मॅडम म्हणाल्या.

"मंग खाऊन पाहा. तिकडं भेटत नसन हे."

मॅडमनी शिंगाडा हातात फिरवला, उलटापालटा केला, कुठून सोलायचा ते बाईंकडून शिकून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा खाल्ल्यासारखा खाल्ला. मी त्यांच्या घरी कितीदा शिंगाड्याचा शिरा खाल्लेला आहे. पाहुणी तयार झाली होती. अशोकच्या ते लक्षात आलं. त्याने मान वळवली आणि टरफलं गोळा करू लागला.

गाडी गडावर जवळजवळ वरपर्यंत जाते. राहिलेल्या पायऱ्या मॅडम एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला मला धरून चढल्या. दरवाजाच्या आत सावली पाहून बसलो. मी चहा ओतला, उज्ज्वलाने पुडा सोडला. तेवढ्यात तटावरून एक काळतोंडं वानर उतरलं, तिच्या मांडीवरून अख्खा पुडा उचलून समोरच्या कमानीवर जाऊन बसलं. तिथून त्याने पहिली सांबारवडी सावकाश उलगडली, आतलं सारण खाल्लं आणि पारी उज्ज्वलाच्या दिशेने फेकली.

उज्ज्वला रिकामी मांडी झटकत राहिली. आणि अशोक उभा राहिला. हात मागे बांधून, मान किंचित झुकवून, चक्क फ्रेंचमध्ये म्हणाला, "मेदाम (बायांनो), रामटेकमध्ये प्रवेशकर आधी घेतला जातो. पावती मिळत नाही."

मॅडमनी चहाचा पेला खाली ठेवला आणि अगदी बावळट चेहरा करून, फ्रेंचमध्येच विचारलं, हे कर्मचारी सरकारी आहेत का?

"हंगामी," अशोक म्हणाला. "म्हणून तर एवढे कामसू."

मग तो चालू लागला आणि आम्ही मागे. त्याने दरवाजे दाखवले, राम-लक्ष्मणाची देवळं दाखवली, कार्तिकातल्या जत्रेत लहानपणी आपण कुठे हरवलो होतो तो कोपरा दाखवला. शब्द अडला की हाताने भागवी, नाहीतर बिनदिक्कत स्पॅनिश घाली. पूर्वी त्या खिचडीला मॅडम लाल शाईने झोडपायच्या. आज त्या नुसत्या मान हलवत होत्या. मी विचारलं, रामाने वनवासाला एवढी चढण का निवडली. उज्ज्वलाने विचारलं, पुडा परत मिळण्यासाठी अर्ज कुठे करायचा. असं हसू मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं; पाठीत कळ निघाली.

शेवटी आम्ही तटापाशी आलो. खाली झाडीत देवळांच्या ओळीत बसलेलं हिरवट पाणी दिसत होतं. मॅडमनी काठीने दाखवलं. तास म्हटला की पाहुण्याने विचारायलाच हवं, आणि त्यांनी विचारलं. ते पाणी कसलं?

अशोकने तोंड उघडलं. तटावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग मराठीत म्हणाला, "ते खाली गेल्यावर सांगतो, मॅडम."

तासात मराठी बोलायची नाही हा पहिला नियम. मॅडमनी काठी खाली घेतली.

उतरताना गाडीत तो पुढे बसला होता. अंबाळ्याकडे वळायचा रस्ता आला तसा उज्ज्वलाने वेग कमी केला.

"सरळ घे वं," अशोक म्हणाला. "आज नाही होत."

तिने आरशातून मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "सरळ घे." मग थोड्या वेळाने, पुढच्या सीटला उद्देशून, "अर्धाच पेपर झाला, अशोक. राहिलेला तपासल्याशिवाय मी सोडत नाही."

"तुम्ही त् बंगळूरले चालल्या."

"मग मला परत यावं लागणार."

"या नं. पण मंग गुडघ्याचं कारण सांगाल त् चालणार नाही. मी येतो स्टेशनवर घ्याले."

आमडी फाट्यावर तो उतरला. गावात घेतलेला रामटेकी पानांचा विडा त्याने मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी काच आणखी खाली केली आणि वर्ग संपताना दर वेळी म्हणत तेच म्हणाल्या, "आ सामदी (शनिवारी भेटू)."

शनिवारच्या आधी गुरुवार होता. अशोकला ते माहीत होतं. तो एका पायावर भार टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "आ सामदी, मॅडम."

गुरुवारी मॅडमना गाडीत बसवून दिलं आणि शुक्रवारी मीही पुण्याची गाडी धरली. माझा जन्म विमा कंपनीच्या टेबलावर गेला. तिथे फ्रेंच कोणी विचारली नाही. त्या मधल्या पायरीवरून मी पुढे चढलेही नाही. पण वर्धा मागे पडली तेव्हा डब्यात कोणीतरी संत्रं सोललं, आणि मी परक्यासारखी त्याच्या हातांकडे बघत बसले.

या खेपेची कामं अशी झाली: खोकी रवाना, गॅसचं कनेक्शन परत, किल्ल्या शेजारी दिल्या, पुस्तकं उज्ज्वलाकडे. अंबाळ्याची तारीख ठरवून सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आहे. ते अजून झालेलं नाही.