बेदाण्याच्या शेडवरचा भोंगा

आमच्याकडे, तासगावच्या बाजूला, द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर वाळत पडली की घरातलं कुणी धड झोपत नाही. हवा दमट झाली आणि कडेचे पडदे वेळेत सोडले नाहीत, तर बेदाणा काळा पडतो. म्हणून मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. शेडमधलं यंत्र दमटपणा मोजतं, तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की भोंगा वाजतो. लिहिला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण तो आकडा कुणी ठरवायचा? सासऱ्यांना भोंगा लवकर हवा. ढगाचा तुकडा दिसला तरी त्यांचा जीव वर-खाली. दिराला उशिरा हवा, कारण पडदे सोडायला पळायचं त्याला. नवरा फौजेत, तो तिकडून फोनवर मधलाच आकडा सांगणार. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, त्यात ह्यांचे आकडे बदलत बसायचं. शेवटी वैतागून तो आकडा प्रोग्राममधून काढून सेटिंगच्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवला आणि म्हटलं, घ्या, बदला तुमचं तुम्ही. तर सासरे सकाळी बदलायचे आणि दीर दुपारी.

मग आणखी एक सोय केली. फाईलमध्ये काहीही असो, प्रोग्राम चालू करताना आज्ञेच्या ओळीत, म्हणजे कमांड लाइनवर, दोन आडव्या रेघा देऊन पुढे जे लिहाल, ते फाईलवर भारी. शेवटी सांगेल त्याचं खरं. शेड धुताना भोंगा उगाच कोकलायचा, म्हणून 'भोंगा-बंद' हाही एक पर्याय त्यात ठेवला. प्रोग्रामचं बरं असतं. कुणाचं ऐकायचं ते एकदा ठरवून दिलं की सुटला. मला तसं कुणी ठरवून दिलेलं नाही. साहेब, सासरे, नवरा, माझी लेक, सगळ्यांचंच ऐकते आणि संध्याकाळी नुसती खुर्चीत बसून राहते.

त्या दुपारी लाईट जाऊन आली. अशा वेळी प्रोग्राम पुन्हा चालू करायचं काम दिराचं. मी जेवून जरा आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली ती सासऱ्यांच्या ओरडण्याने. आभाळ भरून आलेलं, शेडमध्ये घामट वाफ, पडदे वर तसेच गुंडाळलेले. खालच्या जाळ्यांवरचा माल चिकट झाला होता आणि त्याचा रंग गेला होता.

"कुठं हाय तुजा भोंगा, सूनबाई? एवढी शिकलीस ती कशाला?"

मी पाहिलं. प्रोग्राम व्यवस्थित चालू होता. दिराने तो 'भोंगा-बंद' लावून सुरू केला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो खाली बघत उभा. तेवढ्यात सासूबाई पडद्याची दोरी हातात घेऊन मधे आल्या.

"आवं, तिच्यावर वरडू नगा. मीच बंद कराय लावला. सूनबाई कवाधरनं जागीच हाय, आज कुठं डोळा लागला. म्हटलं, आभाळावर मी ध्यान ठेवीन. तर मलाबी बसल्या जागी डुलकी लागली."

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. माल गेला तो गेलाच, आणि ऐकून घेतलं मी. मग तो राग टिकला नाही. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात माझ्या झोपेचा विचार कुणी केला असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"तो पर्याय काढून टाक," सासरे संध्याकाळी म्हणाले. दोन ओळींचं काम होतं. मी "हो" म्हटलं आणि काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा लाईट जाऊन आली. दीर दारात येऊन घुटमळला. "वैनी, कसा चालू करू?"

मी तोंड उघडायच्या आत शेडच्या कडेला टाकलेल्या खाटेवरून सासूबाई बोलल्या, "बंद लाव. मी हाय. आज चा पिऊन बसलीया."

मी भिंतीकडे कूस बदलली आणि झोपले.