सुराचं मेण

मी गर्विष्ठ आहे, असं लोक म्हणतात. खरं आहे. देवळात सनई वाजवली, बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं, कव्वालीच्या पार्टीला साथ केली, तमाशात ढोलकीशी भांडलो, कीर्तनात बुवांच्या मागं बसलो, आणि कुठंही मान खाली घातली नाही. हा गर्व मला कुठून आला, ते सांगतो.

सोनपेठकडच्या आमच्या गावात देवळाची सनई आमच्या घराकडं होती. आबा, म्हणजे माझे वडील, सनई वाजवायचे आणि चुलते त्यांच्या मागं उभं राहून सूर धरायचे. सूर हे सनईसारखंच वाद्य, पण त्यातून एकच स्वर अखंड निघत राहतो. त्याची भोकं मेणानं बुजवून तो स्वर बसवतात. आबांनी बसवलेलं मेण कुणासाठी हलत नसे. एका कीर्तनकाराची पेटी आमच्या सुराशी जुळेना, तेव्हा आबा त्यांना म्हणाले, "महाराज, दुसरी पेटी आणा." आणि महाराजांनी शेजारच्या गावाहून खरंच दुसरी पेटी आणली!

निजामाचं राज्य गेलं. त्याच्या फौजेच्या बँडमधले एक म्हातारे उस्ताद परभणीत आले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. त्यांचं क्लॅरिनेट ऐकलं आणि मी वेडा झालो. घरी सांगितलं तर आबा भडकले. "लाकडाला चाव्या लावल्यात नुसत्या. त्यातून मींड निघती का? सूर घरंगळाया पायजे, ह्यो तर पायऱ्या उतरायलाय!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सनईवर बोट हळूच सरकवलं की एक स्वर दुसऱ्यात विरघळतो. क्लॅरिनेटवर तो टक्कन तुटतो. पण मीही त्यांचाच मुलगा. निघताना ते म्हणाले, "जा. पर ते काळं लाकूड माज्या दारात वाजवायचं न्हाई." मी म्हणालो, "एक दिवस तुमच्याच दारात वाजवीन, आन् तुमी ऐकाल."

मग मी त्या मींडीच्या मागं हात धुऊन लागलो. बोटं उचलायची नाहीत, घासत बाजूला न्यायची; ओठ सैल सोडायचे. प्रत्येक चाल मी आधी गळ्यानं म्हणायचो, परभणीहून पिंगळीपर्यंत रुळाच्या कडेनं चालत. गळा जिथं वळतो तिथंच वाद्य वळलं पाहिजे, हा माझा हट्ट. एकच ओळ दर वेळी नवी कशी करायची ते कव्वालीवाल्यांकडून उचललं आणि ढोलकीला हुलकावणी द्यायला तमाशात शिकलो. शब्दाला वाट मोकळी ठेवायची असते, हे मात्र बुवांनी डोळे वटारल्यावर कळलं. उस्ताद हसायचे. "मियाँ, तुम बाजे को बजाते नईं, मनाते." वाजवत नाहीस, वाद्याची मनधरणी करतोस, असं.

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. जिंतूरकडच्या पाहुण्यांना बँड हवा होता, तोही आमचाच. आबांनी अट घातली: बँड वेशीपर्यंत, दारात सनई. मी ते गिळलं. सिनेमाच्या चालींवर वऱ्हाड नाचवत वेशीपर्यंत आणलं आणि वाद्य काखेत मारून मुकाट मांडवात शिरलो.

पाठवणीची एक चाल आमच्या घराची होती. ती वाजल्याशिवाय गावातल्या लेकीची गाडी हलत नसे. कितीतरी लेकींना आबांनी ती वाजवून वाटेला लावलं होतं, डोळ्यांत टिपूस न आणता. बहीण त्यांच्या पाया पडली. आबांनी सनई ओठाला लावली, पहिली ओळ निघाली आणि त्यांची बोटं थरथरायला लागली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चाल फुटली. चुलत्यांचा सूर तेवढा एकटाच चालू राहिला. बहीण गाडीशी खोळंबून उभी होती, तिचं तोंड बघवत नव्हतं.

मी कुणाला विचारलं नाही. क्लॅरिनेट काढलं आणि आबांची ओळ उचलली. मींड अशी निघाली की माझा मलाच खरं वाटेना. पण माझं वाद्य चढं होतं. चुलत्यांच्या सुराशी ते जुळेना, घासात खडा यावा तसं खुपायला लागलं. मी थांबलो. सूर काही हलणार नव्हता.

आबा चुलत्यांजवळ गेले. त्यांच्या हातातला सूर घेतला आणि नखानं मेण उकरलं. फुंकून पाहिलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सा दे." मी दिला. त्यांनी आणखी थोडं उकरलं. सूर जुळला.

चुलते गडबडले. "दादा, आणा इकडं, मी धरतो. तुमी कामून मागं उभं राहता?"

"माजी बोटं चालंनात," आबा म्हणाले. "सुराला बोटं लागत न्हाईत, दम लागतो. दम लय हाय मला." मग ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. "चल, वाजव."

मी वाजवलं. गाडी हलली, वेस ओलांडून गेली, तरी आबांचा सूर तुटला नाही. मला इतका अभिमान वाटत होता की रडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते मेण पूर्वीसारखं बसवायला बसले. आबांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तसंच. माजी सनई मी चढवून घेतो. पोरगं येत-जात ऱ्हाईल."