बाबांच्या पेसमेकरची बॅटरी

बाबांच्या छातीतला पेसमेकर बारा वर्षांचा झाला आणि तपासणीत कळलं, बॅटरी संपत आलीय. बाबा अठ्ठ्याऐंशीचे. जन्म मालवणकडचा, नोकरी गिरणीत, म्हातारपण मुलुंडला माझ्याकडे. मी बासष्टची, एक गुडघा बदललेला.

घाटकोपरचे डॉक्टर म्हणाले, "किरकोळ काम आहे, आजोबा. जुना काढायचा, नवा बसवायचा. दहा वर्षं बघायला नको."

"माका नको," बाबा म्हणाले. "जुन्याचो सेल संपलो की माझोय संपलो."

डॉक्टर हसले. मी मात्र मनात बासष्टात दहा मिळवत होते. स्वतःची लाज वाटली आणि त्यामुळे सगळ्यांचाच जास्त राग आला.

धाकटा भाऊ कॅनडात. "ताई, तू समजाव ना त्यांना. नव्वद म्हणजे आता काय वय आहे?"

"तू येऊन समजाव."

तो आला नाही. कृत्रिम हृदयाचे व्हिडिओ तेवढे पाठवले. माणूस पुढे सहज शंभरी गाठेल म्हणे. ती कोणाच्या घरात गाठायची, याबद्दल त्यात काही नव्हतं.

आठवडाभर बाबा ऐकेनात. शेवटी मी ओरडले, "सेल संपला की दिवा विझल्यासारखं सुखात जाल, असं वाटतं तुम्हाला? डॉक्टर म्हणालेत, चक्कर येऊन पडाल. खुबा मोडला तर उचलणार कोण?"

त्यांनी पेज संपवली, ताट सारलं. "बसवतंय नवो. पण लिहून घे. मी कोणाक वळखूक नाय लागलंय, तर ह्यो बंद करूचो."

डॉक्टरांना हा कागद आवडला नाही. व्हेंटिलेटर नको म्हणता येतं, पण चालू पेसमेकर बंद करायचा म्हणजे... तेव्हाचं तेव्हा बघू, म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. तरी आम्ही दोन साक्षीदार गाठले, नोटरी गाठला. बाबांच्या वतीने निर्णय कोण घेणार, तिथे भावाचं नाव घालू म्हटलं.

"मला नाही जमणार गं, ताई."

जगवा म्हणून फोनवर सांगायला जमत होतं. मग माझं नाव पडलं.

सही करताना बाबांवरही चिडले. "मला विचारलंत का, जमेल का म्हणून?"

"तुका नाय तर कोणाक विचारू?"



याला दोन वर्षं झाली. नवा पेसमेकर झकास चालतोय. बाबा रोज बागेत जातात, चहा पातळ झाला म्हणून कुरकुरतात. परवा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. आईला जाऊन वीस वर्षं झाली. मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझं नाव घेतलं.

"आधीच नीट हाक मारायला काय होतं?" मी म्हटलं. फार जोरात म्हटलं. ते बाहेर जाऊन बसले.