दहीभात की चुना

किन्हवलीच्या नर्सरीत सकूबाईला कुणी नुसती मजूर म्हणत नसे. शोभेच्या डिफनबाखियाचं पान गुंडाळीतून सुटायच्या आधीच ती त्याची जात सांगायची. छापील नावं तिला वाचता येत नसत, म्हणून तिनं आपली ठेवली होती. आतून सायीसारखं पांढरं, कडेला हिरवी किनार, तो दहीभात. हिरव्यावर पांढरे शिंतोडे, तो चुना. बारा वर्षं मालक प्रणितशेठ पानाकडं न बघता, तिच्या तोंडून ऐकूनच लेबल लिहीत आला.

पण दिवाळीपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. किनार काय, शिंतोडे काय, सगळं एकच धुकं. मागच्या खेपेला दोनशे कुंड्या चुकीच्या नावानं जाऊन परत आल्या. "पुन्हा चुकलीस तर घरीच बस, बाई," शेठ म्हणाला. घर म्हणजे डोळखांबचा पाडा. तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं.

आज उन्हानं लेबलं कोरी पडलेली, तीनशे रोपं एकात एक मिसळलेली, आणि दुपारी टेम्पो येणार.

"काय गो मावशे, नुसती डोळेच चोळतंस?" शेजारच्या वाफ्यातून सोमी हसली. "सासू सपनात आली व्हती का?"

"तुजं काम कर," सकूबाई खेकसली. सोमीला कळलं तर उद्या हिच्या जागी तीच उभी राहणार.

मग तिला आई आठवली. सुरण खाजरा की गोड, ते आई फोडीला जिभेचं टोक लावून सांगायची. डिफनबाखियाचा चीक जहरी, हे नर्सरीत पोराटोरांना ठाऊक. तरी टाकीमागं जाऊन तिनं एक देठ मोडला, जिभेला लावला. मग दुसरा. दोन्हींची आग सारखीच, काचेचा चुरा टोचावा तशी. फरक असेलच म्हणून तिसरा, चौथा. जीभ फुगून टाळ्याला भिडली, लाळ पदरावर गळू लागली.

"सकूबाई!" शेठ मार्कर घेऊन आला. "तोंडाला काय झालं? दाढ?"

तिनं पदराआडून होकाराची मान हलवली.

"बरं, बोलू नको. दहीभात डावीकडं ठेव, चुना उजवीकडं. मी लिहितो."

तिनं पहिलं रोप पार नाकाला लावलं. धुकंच. डावीकडं ठेवलं. मार्कर करकरला. दुसरं उजवीकडं. तिसरं उचललं, आणि ते ना डावीकडं गेलं ना उजवीकडं.

सोमीचं हसू थांबलं होतं.

"शेठ," ती म्हणाली, "मावशीनं ठेवलेली दोन्ही चुनाच हायत."