काकांच्या गाडीचं स्टेशन

आमच्या वाड्यावरच्या काकांनी घरात रेल्वे घातली आहे, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, पण ती मी पाहिली कॉलेजात गेल्यावर. काका आमच्या नात्यातले नव्हेत. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, सगळेच त्यांना काका म्हणतात. वास्कोला जहाजांच्या गोदीत नोकरीभर नकाशे काढून ते निवृत्त झाले आणि पेडण्यात परत आले. त्यांच्या मागच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत प्लायवूडचं मेज आहे. त्यावर बोटाच्या रुंदीचे रूळ घातलेले होते, खालून वायरी जोडलेल्या होत्या आणि विजेवरची गाडी त्यावरून धावत होती. आजूबाजूला मात्र काहीच नव्हतं. उघडं प्लायवूड, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेले शब्द: समुद्र, डोंगर, माड, घरं, देऊळ, स्टेशन.

खरी गाडी आमच्याकडे समुद्रापासून बरीच आतून जाते. काकांची गाडी मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्याला लागून, माडांखालून जाणारी होती. अशी गाडी कधी नव्हती आणि होणारही नाही. म्हणूनच ती घरात घालावी लागली, असं ते सांगत.

त्यांचे हात आता कापतात. वायर जोडण्यापुरतं चालतं, पण पुठ्ठा कापायला गेले की पातं सरकतं. त्या वर्षी चवथीला ते आमच्या घरी गणपती बघायला आले आणि गणपतीपेक्षा जास्त वेळ देखावा बघत उभे राहिले. डोंगर, त्यावर देऊळ, खाली वाहणारं पाणी, असा तो देखावा मी केला होता. आमच्या घरचा देखावा मी सातवीपासून करते. काकांनी आईला विचारलं की हिला सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे पाठवाल का. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रविवारी गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक पेटी दाखवली. तिच्यात परदेशातून मागवलेलं तयार स्टेशन होतं, तुकडे जोडून उभं करायचं. वरच्या चित्रात स्टेशनाला टोकदार मनोरा होता आणि खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या. काका म्हणाले की आधी समुद्र आणि डोंगर कर, मग घरं, मग देऊळ. ते जमलं तर स्टेशनही तूच कर. नाही जमलं तर येत्या चवथीच्या आधी ही पेटी उघडू. चवथीला त्यांचे भाऊ आणि बाकीची माणसं घरी येणार होती, आणि तोवर त्यांना मेज पुरं झालेलं हवं होतं.

मला ते स्टेशन करायचं होतं. का, हे नीट सांगता येईल की नाही मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणी विचारलं की ही काय शिकते, तर आई सांगते, ‘कॉलेजात जाता.’ तेवढंच उत्तर असतं. विषय कुठले, पुढे काय, हे तिला ठाऊक नसतं आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं ठाऊक नाही. वर्गात मी विचारल्याशिवाय बोलत नाही. मला एक तरी अशी गोष्ट हवी होती की जी बोट दाखवून सांगता येईल, ही मी केली. आणि रेल्वेत माणूस आधी स्टेशन बघतो.

समुद्रापासून सुरुवात केली. मी निळा रंग घेऊन गेले होते. काकांनी मला आधी तेरेखोल नदीच्या मुखाशी जाऊन बघून यायला सांगितलं. तिथं काठाजवळ पाणी मातीच्या रंगाचं होतं, मग हिरवट, आणि निळं म्हणावं असं अगदी लांब. तसा रंग दिला आणि त्यावर पारदर्शक व्हार्निशचे हात दिले, एक वाळला की दुसरा. किनाऱ्यासाठी मोरजीहून खरी वाळू आणली होती. ती टाकल्यावर किनाऱ्यावर दगड पडल्यासारखे दिसले. एवढ्या लहान जगात वाळूचा कण म्हणजे धोंडाच. शेवटी रांगोळीत चिमूटभर पिवळी माती मिसळली, तेव्हा वाळू झाली. माडांचे बुंधे तारेला दोरा गुंडाळून केले आणि थोडे थोडे वाकवले, कारण किनाऱ्यावरचा माड सरळ उभा नसतो. कौलांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलला की आतली पन्हळ निघते, ती तांबडी रंगवली. जुन्या घरांच्या जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, पूर्वी काचेच्या जागी उजेड झिरपेल अशा पातळ शिंपल्या बसवत. त्यासाठी काकी लसूण सोलायला बसल्या की मी टरफलं मागून घ्यायची. काकी म्हणायच्या की तुझी घरं बांधून होईपर्यंत रोज लसणीचीच आमटी खावी लागणार.

पहिलं घर झालं तेव्हा मला ते फार आवडलं. चिऱ्यांच्या भिंती, पुढे बसायला बाल्कांव, अंगणात तुळशीवृंदावन. वृंदावनावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. चारी बाजूंना कोनाडे काढले होते.

काकांनी ड्रॉवरमधून एक प्लास्टिकचा माणूस काढला. त्यांची रेल्वे खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. त्या हिशेबानं माणूस दोन सेंटिमीटरचा. तो त्यांनी वृंदावनाच्या शेजारी उभा केला. वृंदावन त्याच्या दुप्पट होतं आणि वळचणीला टेकलं होतं.

‘बाय गे, ह्या घरातल्या बायलेक तुळशीत पाणी घालूक शिडी लागतली,’ काका म्हणाले.

मी हसले, पण कान गरम झाले. देखाव्यात कधी कुणी माणूस उभा करून मापलं नव्हतं. तिथं तुळस घरापेक्षा मोठी असली तरी कुणाला काही वाटत नाही, देऊळ डोंगराएवढं असलं तरी चालतं. ते माझ्या हातात इतकं बसलं होतं की मोठं केलंय हे मला दिसलंच नव्हतं.

काकांनी तो माणूस मला घरी न्यायला दिला आणि आधी खरं घर मापून ये म्हणून सांगितलं. बाबा तुयेच्या कारखान्यात कामाला आहेत. ते पाळीवरून आले तेव्हा मी त्यांना दारात उभं केलं. फोटो काढतात तसे ते ताठ उभे राहिले, हात शरीराला चिकटवून. दार त्यांच्या डोक्यावर किती उरतं, ओटा गुडघ्याच्या किती खाली, तुळस छातीपर्यंत येते की पोटापर्यंत, सगळं मी टेपनं मापलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं बाबांना विचारलं की नवा शर्ट शिवायचा आहे का. बाबांनी मान न वळवता मला विचारलं, ‘ह्यां कॉलेजात शिकयतत?’ मी नाही म्हटलं. काकांच्या रेल्वेसाठी, म्हटलं. बरं, म्हणाले, आणि माझं होईपर्यंत तसेच उभे राहिले.

त्यानंतर घरं जमायला लागली. पावसाळा सुरू होईपर्यंत चार घरं झाली, एक दुकान झालं, होडी ओढून ठेवायची झावळ्यांची खोप झाली. प्रत्येक ठिकाणी मी तो माणूस उभा करून बघायची. पेटी फळीवर तशीच होती.

मग देऊळ आलं.

मला वाटलं होतं की आता माप कळलंय, अडचण नाही. पायाची चौकट बरोबर आखली होती. पण घुमट चढवताना तो ठेंगणा वाटला म्हणून थोडा वाढवला. मग त्याच्यापुढे दीपस्तंभ बुटका दिसायला लागला, तोही वाढवला. मग मंडप अपुरा दिसला. पुरं झालं तेव्हा देऊळ वीतभराहून उंच झालं होतं, आणि मला ते अगदी बरोबर दिसत होतं.

त्याच दिवशी आई काकींना अळूची पानं द्यायला आली होती. तिला मी खोलीत बोलावलं. तिनं समुद्र पाहिला, घरं पाहिली, आणि देवळापाशी आल्यावर हात जोडले. आत मूर्ती नव्हती. पुठ्ठ्याचं रिकामं देऊळ होतं, रंगही पुरता वाळलेला नव्हता. तरी तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि मग काकींशी बोलायला गेली.

ती गेल्यावर काकांनी माणूस उभा केला नाही. गाडी सुरू केली. गाडी डोंगरातून बाहेर आली आणि देवळाच्या पाठीमागून गेली. तिथून जाताना ती गाडी गाडीसारखी दिसेना. खेळण्यासारखी दिसली. मलाही ते दिसलं.

मी म्हटलं की हे आता मोडवत नाही, आईनं हात जोडलेत. दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर हसलं असतं. काका हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘तुका जां मोठां वाटता, तां तू मोठां करतंस. देऊळ केलंस, फाल्यां स्टेशनय तसांच करतलंस.’

ते खरं होतं. वहीच्या मागच्या पानांवर मी स्टेशनाची चित्रं काढून ठेवली होती. त्यात कमानी होत्या, वर गच्ची होती, दोन बाजूंना जिने होते. किनाऱ्यावरच्या चार घरांच्या वाड्याला असलं स्टेशन कोण बांधील? ते मी माझ्यासाठी बांधत होते.

काकांनी मोडायला सांगितलं नाही. तसं ठेवायलाही सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारपर्यंत काय ते ठरव, म्हणाले. म्हणजे पेटी उघडायची की नाही तेही मीच ठरवायचं होतं.

देऊळ मी घरी आणलं. दोन्ही हातांत धरून वाड्यावरून चालत आले, वाटेत दोघांनी विचारलं की चवथ इतक्यात आली काय. आईला सगळं सांगितलं, की हे माप चुकलंय, दुसरं करायचंय, आणि ह्याचं काय करू ते कळत नाही. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली की ह्यात काय, आपल्या देखाव्याला होईल, दर वर्षी तू नवं करतेस ते एक काम वाचलं. आणि ते तिनं कपाटावर ठेवून वर जुनी साडी झाकली.

दुसरं देऊळ करताना मी आधी माणूस चिकटवला, मंडपाच्या पायरीवर, आणि मग त्याच्याभोवती देऊळ बांधलं. दर वेळी हात वर जायचा. घुमट चढवताना तो ठेंगणाच वाटत होता, पण मी वाढवला नाही. पुरं झालं तेव्हा ते माझ्या मुठीत मावलं असतं. ते कुठे ठेवावं ह्याचा बराच विचार केला. शेवटी मागच्या डोंगराकडची पहिली जागा सोडून मेजाच्या पुढच्या कडेला, खोलीत शिरणाऱ्याच्या अगदी समोर ठेवलं, एका वडाखाली. लहान होतं, पण आधी तेच दिसायचं. गाडी त्याच्या मागून गेली आणि या वेळी गाडी गाडीच राहिली.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यांनी ती पेटी खाली घेतली आणि काकींना हाक मारून सांगितलं की म्हापशाला ते ओळखीचे आहेत ना अशाच लहान गाड्या करणारे, त्यांना ही देऊन टाकू, शुक्रवारी बाजाराला जाऊ तेव्हा. मला स्टेशन कर असं त्यांनी म्हटलं नाही. चिऱ्याच्या रंगाची डबी पुढे सरकवली.

स्टेशन मी लहान केलं. एक खोली, तिकिटाची खिडकी, उतरतं कौलारू छप्पर, बाहेर एक बाक. चिऱ्याच्या कडेचा फलाट, त्यावर दोन माड. कमान एकही नाही. वहीतली चित्रं मी पुन्हा पाहिली नाहीत. करताना मधे मधे वाटायचं की एवढ्याचसाठी का मी वर्षभर थांबले होते. पण खिडकीला लसणीचं टरफल लावताना, बोटं श्वासानंसुद्धा हलू नयेत म्हणून श्वास धरला होता, तेव्हा तसं काही वाटलं नाही.

चवथीला काकांची माणसं आली. सगळ्यांनी समुद्राचं कौतुक केलं. एकांनी बराच वेळ बघून विचारलं, ‘आनी स्टेशन खंय?’ काकांनी बोट दाखवलं आणि मी केलं म्हणून सांगितलं. हो का, म्हणाले ते, आणि परत समुद्र बघायला लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

बाबा आले ते चवथ संपल्यावर, पाळीवरून येताना, कारखान्याच्या कपड्यांतच. काकांच्या घरात ते संकोचून वावरत होते. चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत आले. काकांनी मलाच गाडी सुरू करायला सांगितलं. बाबांनी मेज पाहिलं. मग ते फलाटाच्या बाजूला येऊन उकिडवे बसले, डोळे फलाटाच्या उंचीला येतील असे, आणि गाडी डोंगरातून येईपर्यंत बघत राहिले. गाडी आली. मी ती स्टेशनात थांबवली.

‘ह्यां तुझां?’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

गाडी सुटली, माडांखालून गेली, डोंगरात शिरली. काकींनी चहा आणून मेजाच्या कोपऱ्यावर ठेवला. बाबांनी तो उचलला नाही.

‘आनी एकदा,’ ते म्हणाले.