बाकांच्या खाटा

सगुणा गेली त्या उन्हाळ्यानंतर माझी प्रार्थना सुटली. मी ठरवून सोडली नव्हती. सकाळी उठून सवयीनं डोळे मिटायचो, नेहमीचे शब्द तोंडात यायचे आणि मध्येच थांबायचे. आपण हे कुणाला सांगतोय, असं वाटायचं. सगुणा म्हणजे माझी बायको. दुष्काळात विहिरींचा तळ उपसून लोक गढूळ पाणी पीत होते, आणि त्या पाण्यानं गावात हगवण-उलटीची साथ आली होती. दवाखाना उदगीरला. एसटी सकाळी निघून गेलेली. मी तिला बैलगाडीत घातलं आणि वाटभर मोठ्यानं प्रभूचं नाव घेत राहिलो. उदगीरच्या वेशीतली घरं दिसायला लागली तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडला होता. मी तरीही थोडा वेळ प्रार्थना म्हणतच होतो, कारण थांबलो तर ते खरं होईल असं वाटत होतं.

मी सुतार. आमचं गाव उदगीर-देवणी रस्त्याला लागून. आमच्या आजोबांच्या पिढीत इथं मिशननं दगडी चर्च बांधलं. गावातले सगळे त्याला ‘मिशनचं देऊळ’ म्हणायचे. माझा बाप्तिस्मा तिथं झाला, लग्नही तिथंच. सगुणाला त्याच्याच मागच्या कबरस्तानात ठेवलं. पण दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमची मंडळी पोटासाठी पांगली. कुणी बिदरला गेलं, कुणी हैदराबादला, कुणी पुण्याकडं. रविवारी उपासनेला मी आणि दोन म्हाताऱ्या बाया एवढेच उरलो. मग उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचं येणंही बंद पडलं आणि देवळाला कुलूप लागलं.

त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्यात गावोगावी दवाखाने निघणार होते. आमच्या गावाला दवाखाना मंजूर झाला, पण त्याला इमारत नव्हती. तेव्हा मिशनच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की बंद देऊळ दवाखान्याला द्यायचं. पाळकसाहेब उदगीरहून मुद्दाम माझ्याकडे आले. अंगणात बसून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “बाक मोडून खाटा करायच्या आहेत. दारं-खिडक्या बदलायच्या, मध्ये आडोसा घालायचा. तू नको म्हणालास तर दुसरा सुतार बघतो. पण तुझ्या हातानं झालं तर बरं वाटेल.”

मी म्हणालो, “साहेब, माझ्या हातानं व्हायला काय? आत कोणी असतं तर हात धजला नसता. मोकळंच तर हाय ते.”

त्यांनी मला उपदेश केला असता तर मी काम नाकारलं असतं. पण त्यांनी फक्त किल्ली माझ्याजवळ ठेवली आणि एसटीच्या वेळेला उठून गेले.

मी ते काम रागानं घेतलं. ज्या घरात मी आयुष्यभर मागत आलो आणि गरजेच्या वेळी ज्या घरानं मला रिकामं परत पाठवलं, ते आपल्याच हातानं उसकटायचं, असं मनात होतं. आधी दारं उतरवली. मग बाक बाहेर काढले. जुना सागवान होता, वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालेला. वेदीमागचा क्रूस पाळकसाहेबांनी आधीच उदगीरला नेला होता, आणि भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट जागा तेवढी राहिली होती. माझ्याबरोबर एक गवंडी होता, तो आडोशाची भिंत बांधत होता. चुन्याच्या कामाला पाणी लागतं, म्हणून टँकर आठवड्यातून एकदा दोन पिंपं भरून जायचा. त्या पिंपांकडं गावातल्या बायका थांबून बघायच्या. शेजारची म्हातारी एकदा सरळ म्हणाली, “माणसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही भिंतीला पाजून राहिले.” गवंड्यानं मान खाली घातली. संध्याकाळी आम्ही तिची घागर भरून दिली. पण ती चुकीचं बोलली होती असं मला वाटलं नाही. त्या भिंतीचा, त्या दवाखान्याचा माझ्या सगुणाला काय उपयोग होता?

मग तो दिवस उजाडला. ऊन चढलं होतं. देवळासमोरच्या कडुनिंबाखाली लातूरहून देवणीला जाणारी एसटी येऊन थांबली. इथं तिचा थांबा नाही. समोरून वाफ येत होती. ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन आत आला आणि म्हणाला, “मामा, गाडी तापली. पाणी मिळंल का?” मी त्याला पिंपातलं पाणी दिलं. गाडी निवेपर्यंत लोक खाली उतरून सावलीला बसले. त्यांच्यात एक नर्सबाई होत्या. मध्यम वयाच्या, उदगीरच्या मुसलमान घरातल्या असाव्यात असं बोलण्यावरून वाटलं. त्यांच्याबरोबर दोन खोकी होती आणि त्या ती नजरेआड होऊ देत नव्हत्या. दारं नसलेल्या देवळात डोकावून त्यांनी विचारलं, “इथं काय करून राहिले भाऊ?”

“दवाखाना,” मी म्हणालो.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

त्या बसल्या न बसल्या तोच रस्त्यानं एक बैलगाडी आली. देवणीकडून, उदगीरच्या दिशेनं. गाडीवान बैलाला मारत नव्हता, नुसता हाक घालत होता. देवळासमोर येताच एक बैल गुडघ्यावर बसला. उठवूनही उठेना. गाडीवान खाली उतरला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रस्त्यातच उभा राहिला. त्याचं नाव बसवंत. पुढं रस्त्याच्या कामावर हे कुटुंब खडी फोडत होतं, तिथून देवणीपेक्षा उदगीर जवळ. गाडीत त्याची आई आणि बायको निजलेल्या होत्या. दोघींना पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. गाडीतलं कडब्याचं अंथरूण भिजलं होतं. मी एकदा आत बघितलं आणि मला सगुणाच दिसली. तेच खोल गेलेले डोळे, तेच सुकलेले ओठ. मी मागं सरलो. खरं सांगतो, मला तिथून निघून जायचं होतं.

नर्सबाई माझ्या आधी गाडीत चढल्या होत्या. दोघींच्या नाड्या बघून त्या वळल्या आणि म्हणाल्या, “उदगीरपर्यंत ह्या टिकणार नाहीत. आत घ्या. ते दोन बाक समोरासमोर लावा.”

मोडायला काढलेले बाक गवंड्यानं आणि मी परत आत ओढले. दोन बाक एकमेकांना भिडवले की मध्ये माणूस निजेल एवढी जागा होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाईंनी खोकी फोडली. आत सलाईनच्या काचेच्या बाटल्या होत्या. देवणीच्या त्यांच्या आरोग्य केंद्राची औषधं आता लातूरहून मिळायची, तीच घेऊन त्या निघाल्या होत्या. “ह्याचा जाब मला द्यावा लागणार,” असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुढं म्हणाल्या, “देईन.” गवंड्यानं माझ्या रंध्याच्या ढलप्या पेटवून पाणी उकळलं. एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं की देवणीला पोचलास की डॉक्टरांना निरोप दे, गाडी पाठवा म्हणावं. गाडी निवाली, लोक चढले, एसटी गेली. नर्सबाई राहिल्या.

बसवंतच्या म्हाताऱ्या आईची शीर सापडेना. बाईंनी दोन्ही हात बघितले, पाय बघितले. सुनेच्या हाताला मात्र सुई लागली. पण बाटली अडकवायची कशाला? भिंतीतले खिळे, खुंट्या मीच उपटून टाकल्या होत्या. बाई म्हणाल्या, “धरा वर. हलू नका.” मी बाटली धरून उभा राहिलो. गवंडी म्हातारीच्या तोंडात चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत होता, आणि ते ओठांच्या कडेनं परत बाहेर येत होतं.

उभं राहून माझा हात भरून आला. दुसऱ्या हातात बाटली घेतली. थेंब पडताना दिसत होते. आणि मला एवढा राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. ही एसटी त्या दिवशी का नाही तापली? ही नर्सबाई, ही खोकी, हे पाणी, हे सगळं ह्या अनोळखी बाईसाठी बरोबर वेळेवर आलं. मग माझ्या सगुणासाठी का नाही? मी तर नाव घेत होतो. बसवंत कोपऱ्यात बसून नुसता रडत होता, त्यानं तर अजून काही मागितलंही नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण त्या सगळ्या वेळात माझा हात वरच होता. तो खाली घेता येत नव्हता. मी भांडत होतो, आणि माझ्या हातातून थेंब थेंब तिच्या अंगात जात होतं. माझ्या रागामुळं एकही थेंब अडला नाही, ही गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. भांडता भांडता शब्द संपले. मग नुसता उभा राहिलो. काही मागितलं नाही. कितीतरी महिन्यांनी मला वाटलं की समोर कोणीतरी आहे आणि ते ऐकतं आहे. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही.

म्हातारी दुपार कलायच्या आत गेली. बाईंनी तिचे डोळे मिटले आणि तिच्या कपाळावर हात ठेवून त्या काहीतरी पुटपुटल्या. बसवंत आईजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आमचं गाव लांब हाय. बैल तर असा. हिला कुठं न्यावं मी?” ते लिंगायत. त्यांच्यात माणूस पुरतात. गावातल्या लिंगायत मंडळींना निरोप गेला, त्यांनी आपल्या भूमीत जागा दिली. जमीन दुष्काळानं लोखंडासारखी झाली होती, कुदळ मारली की परत उसळायची. आम्ही आळीपाळीनं खणत राहिलो. खड्डा पुरा होईतो सूर्य टेकला होता. तो खणताना मला सगुणाची कबर आठवली. ती दुसऱ्यांनी खणली होती, मला तेव्हा उभंही राहवत नव्हतं. त्या लोकांचे मी कधी आभार मानले नव्हते.

सून, सोनाबाई, वाचली. रात्र तशीच बाकांवर काढली, सकाळी तिनं स्वतःहून पाणी मागितलं. देवणीहून डॉक्टरांची जीप आली. त्यांनी तिला तपासलं, दोन दिवस हलवू नका म्हणाले. नर्सबाई त्याच जीपमध्ये उरलेल्या बाटल्या घेऊन चढल्या. मी त्यांना म्हणालो, “बाई, देवानंच तुम्हाला धाडलं.”

त्या थकल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, मी परवाच जाणार होते. लातूरला माल मिळाला नाही म्हणून दिवसभर तिथं बसून राहिले, सगळ्यांवर चिडले. मला कुठं माहीत होतं?” मग खोकं पायाशी सरकवत म्हणाल्या, “म्हातारीला नाही वाचवता आलं मला.” जीप सुटली. त्यांच्या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. देवानं धाडलेल्या माणसालाही सगळं जमत नाही, आणि ते ओझं घेऊनच तो पुढच्या गावाला जातो.

जायच्या सकाळी सोनाबाई भिंतीला धरून उभी राहिली. पांढरी भिंत, अर्धा आडोसा, काढलेली दारं असं सगळं तिनं बघितलं. मला म्हणाली, “काका, हे कोन्या देवाचं ठिकान हाय?”

आमच्या देवाचं म्हणावं, तर मीच ते मोकळं आहे म्हणालो होतो. दवाखाना म्हणावं, तर तो अजून झाला नव्हता. तिनं माझी वाट बघितली नाही. खाली बसली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, त्याच्याकडं एकटक बघत राहिली आणि ओठ हलवू लागली. सासू नुकतीच गेलेली; ती काय म्हणत होती मला माहीत नाही. तिच्या समोर तीच भिंत होती जिच्यासमोर माझं लग्न लागलं. मी हातातली करवत खाली ठेवली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले. शब्द आले नाहीत. मला त्यांची गरजही वाटली नाही.

त्या बाकांच्या मी खाटा केल्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात नीट काम. दर खाटेच्या डोक्याशी बाटली अडकवायला एक उंच दांडी बसवली, कुणी सांगितली नव्हती तरी. सगुणा का गेली हे मला आजही कळलेलं नाही, आणि सोनाबाई का राहिली हेही नाही. दोन्ही मी देवाच्या हाती दिलं आहे. त्या दिवशी त्यानं मला समजावलं काहीच नाही, फक्त माझ्याकडून काम करून घेतलं. आता सकाळी डोळे मिटतो तेव्हा एवढंच म्हणतो की आज जे धरायला देशील, ते खाली पडू देऊ नकोस.