होकाराचा रिकामा चौकोन

हे सगळं लिहायला आत्याने होकार दिलाय. नावं गाळायची आणि तिचं वय सांगायचं नाही, या दोन अटींवर. वयाची अट मी हसत हसत मान्य केली, कारण तिचं खरं वय आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. घरातले सगळे तिला 'तिजोरी' म्हणतात ते काही उगाच नाही.

ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, आणि दिवसभर ह्याची तार त्याला जोडून द्यायची. ऐकायचं नाही असा नियम असला तरी कानावर पडायचंच. कोणाचं कोणाशी वाजलंय, कोणाची मुलगी कोणाशी तासन्‌तास बोलते, सगळं तिला ठाऊक. पण घरी आली की ताकास तूर लागू द्यायची नाही. माझी आई रोज खडा टाकून पाहायची आणि आत्याचं उत्तर ठरलेलं, "लाइन बिझी होती."

पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली, आत्या निवृत्त झाली. मग तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, वारले. काका माणूस वाईट नव्हते. फक्त ते घरात आहेत की नाहीत हे टीव्हीलाच काय ते कळायचं. आत्या हसायची ती ओठ मिटून, पाहुण्यांसमोर हसतात तशी. तिला याहून मोठं हसता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आमच्या भागात एक दुरुस्ती मंडळ आहे. दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही बसतो, लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि आम्ही त्या फुकट दुरुस्त करून देतो. सोल्डरिंगचा वास, चहाचे कप, टेबलांखालून गेलेल्या वायरी आणि त्यांत पाय अडकून धडपडणारा एक तरी माणूस, असा तो थाट. आत्याकडे तारा असलेली कुठलीही वस्तू सोपवावी. मला साधा स्क्रू पिळता येत नाही, म्हणून मंडळाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली.

भानगड झाली ती साहेबांमुळे. साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात 'पारदर्शकता' शिरली होती. मी परगावी गेलेली पाहून त्यांनी शनिवारची सगळी यादी स्वतःच वेबसाइटवर चढवली. माणूस कोण, फोन काय, वस्तू कुठली आणि शेवटी शेरा. त्यात लिहिलं होतं, 'पोहणं शिकवणारे सर. पोहायचं हवेचं टायर, हवा जाते. शेरा: स्वतःच्या वापरासाठी.'

दुसऱ्या दिवशी तलावावर पोरांनी सरांना विचारलं, "सर, तुमचं टायर झालं का?" टायर भाच्याचं आहे असं सर कळवळून सांगत राहिले, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. सर तरातरा हॉलमध्ये आले आणि साहेबांची बोबडी वळली. मी परत येताच यादी वेबसाइटवरून उतरवली. लोकांची माहिती यापुढे कोणाच्या ताब्यात असावी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. तिजोरी कोपऱ्यात बसून इस्त्री उघडत होती.

आत्याने ते काम असं काही मनावर घेतलं की आमच्या नाकी नऊ आले. साहेबांनी वस्तू आणणाऱ्यांसाठी तयार केलेल्या कागदी अर्जात जन्मतारीख, शिक्षण आणि रक्तगट विचारला होता. "टोस्टर जोडायचाय की माणसाला रक्त चढवायचंय?" असं म्हणून तिने तिन्हीवर काट मारली. वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, काय पाहिलं, याची नोंद आपोआप व्हायची. तीही बंद करायला लावली. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणं हे सभ्य माणसाचं लक्षण नाही, असं तिचं म्हणणं. महिना संपला की आलेले सगळे निरोप पुसून टाकायचे. आणि हॉलमध्ये नाव घेऊन कोणाला हाक मारायची नाही, वस्तूवरून मारायची.

या शेवटच्या नियमाने तर बहार आली. "मिक्सर, या पुढे." "डावा बूट, तुमचं झालं." एका आजींना "गळकी किटली कोण?" असं विचारलं तर त्या अशा फणकारल्या की आता मंडळात काम करू लागलेल्या सरांना हसू आवरेना, आणि ती हसायची त्यांची टायरनंतरची पहिलीच वेळ.

मग वेबसाइटवरच्या अर्जाची पाळी आली. अर्जाखाली एक चौकोन होता, 'माझ्याशी संपर्क साधायला माझी संमती आहे' असा. त्यात बरोबरची खूण मी आधीच करून ठेवली होती. सगळेच तसं करतात. आत्या स्क्रीनकडे बघत राहिली. हा चौकोन आधीच का भरलाय, असं तिने विचारलं. लोक आळशी असतात, त्यांचे कष्ट वाचतात, असं मी ठोकून दिलं.

"माझेही असेच वाचवले होते," ती म्हणाली. "लग्न ठरवताना मोठ्यांनी विचारलं आणि मी गप्प बसले. सगळे म्हणाले, झालं, हो म्हणाली. मी हो म्हटलं नव्हतं गं. कोणी परत एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

हे तिने कोणाला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी खूण काढून टाकली. मग तिने 'संमती' खोडून 'होकार' लिहायला लावलं, कारण संमती कोणीही गृहीत धरतं, होकार तोंडाने द्यावा लागतो. एका चौकोनाचे दोन करवले, एक फक्त उत्तरापुरता आणि एक इतर कामांसाठी. पुढचा नियम तिने एकेक शब्द सांगत लिहवून घेतला. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. दिलेला होकार केव्हाही मागे घेता येईल आणि त्याचं कारण सांगावं लागणार नाही.

त्यानंतर आले रेडिओवाले. उंच, थोडे वाकलेले, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. एकटेच राहायचे. त्यांच्या रेडिओचं बटण पूर्ण आवाजावर अडकलं होतं. घरात त्या गोंगाटावर ताण करून स्वतःशी बोलायची सवय लागल्याने ते आता सगळ्यांशीच ओरडून बोलायचे. आत्याने मागचं झाकण काढलं, एक तार हलवली, आणि रेडिओतून अख्खा बँड हॉलमध्ये घुसला. साहेबांचा चहा साहेबांच्याच मांडीवर सांडला. रेडिओवाले त्या दणदणाटात ओरडले, "बरा होईल का?" आत्या ओरडली, "रेडिओ होईल, तुमचं सांगता येत नाही!"

आणि ती हसली. मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलाचा काठ धरून. तेही हसले. बँड थांबला तरी हे दोघं थांबेनात. मी हातातलं काम सोडून बघतच बसले.

पुढल्याच आठवड्यात वेबसाइटवर निरोप आला. 'शनिवारी ज्यांनी माझा रेडिओ दुरुस्त केला त्यांचा फोन नंबर मिळेल का? रेडिओ उत्तम चाललाय. तक्रार काही नाही.' खाली, उत्तरापुरता संपर्क साधायला होकार होता. इतर कामासाठी संपर्क साधायचा चौकोन रिकामा होता. माणूस नियमाने चालणारा होता.

आता असे निरोप जायचे आमच्या माहितीरक्षकाकडे, म्हणजे आत्याकडे. नियम तिचाच होता, की स्वयंसेवकाचा नंबर त्याला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, आणि महिनाअखेरपर्यंत तो काही बोलला नाही तर ते नाहीच धरायचं आणि निरोप पुसायचा. आत्याचे कान लाल झाले. तिने निरोप वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि ओट्यावरची भांडी आवरायला घेतली. नंतर महिना सरत आला तरी भांडीच आवरत होती.

मी म्हटलं, मी पाठवते नंबर, एका मिनिटाचं काम. तिने डोळे असे मोठे केले की मी पुढचं वाक्य गिळलं. मला न विचारता दिलास तर वेबसाइटचा पासवर्ड काढून घेईन, म्हणाली. मग तूच तुला विचार की, असं मी सुचवलं. त्यावर म्हणाली, विचारून बघितलं, ती बाई काही बोलत नाही. मला हसावं की रडावं कळेना. निरोप पुसला गेला असता तर तिने दुसऱ्यांदा गप्प बसून सगळं ठरू दिलं असतं, आणि या वेळी नियमही तिचाच होता.

पण अर्ज दाबून ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची बैठक होती. तिने स्वतःच विषय मांडला. एका नागरिकाचा अर्ज, एका स्वयंसेविकेबाबत. कोण ती स्वयंसेविका, असं साहेबांनी भाबडेपणाने विचारलं आणि सगळे छताकडे बघू लागले. हळूहळू साहेबांच्याही डोक्यात उजेड पडला. पण साहेब ते साहेबच. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असून कसं चालेल, असं म्हणून त्यांनी विचारायचं काम सरांकडे दिलं.

सर उभे राहिले. शर्ट नीट केला. आत्याकडे सरळ बघून म्हणाले, "ताई, एका गृहस्थांनी तुमचा नंबर मागितलाय. द्यायचा का? नाही म्हणालात तरी चालेल. काहीच बोलला नाहीत, तर आम्ही ते नाही असंच समजू."

इतकं सरळ आणि इतक्या अदबीने तिला जन्मात कोणी विचारलं नसेल. आत्या खाली बघत होती. साहेबांनी घसा खाकरला आणि पुढच्या विषयाचा कागद उचलला.

"थांबा," आत्या म्हणाली. "मी गप्प नाही बसलेय. विचार करतेय." मग मान वर करून म्हणाली, "होकार. आणि मागे घेता येतो हेही खाली लिहा."

त्याच क्षणी कोपऱ्यात तपासायला लावलेला टोस्टर खाडकन उडाला आणि सगळा हॉल हसत सुटला. सरांनी तर साहेबांना मिठीच मारली. टायरचं सगळं तिथे मिटलं असावं.

मी तिथल्या तिथे उत्तर पाठवलं आणि आत्याने स्वतःच्या हाताने निरोप पुसून टाकला. आता त्यांचा पत्ता ना फोन, आमच्याकडे काहीच नव्हतं. वाट बघणं एवढंच हातात होतं. आत्याने जुना लँडलाइन अजून ठेवलाय. रविवारी सकाळपासून तिने त्याच्यावर इतक्या वेळा फडकं मारलं की आकडे पुसले जातील अशी मला भीती वाटली.

दुपारी फोन वाजला. आत्या उठली, पदर सारखा केला, जणू फोनला दिसतंय. रिसीव्हर उचलला आणि जन्माच्या सवयीने तिच्या तोंडून निघालं, "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?"

पलीकडून असा आवाज आला की मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं.

"तुमच्याशीच!"

आयुष्यभर तिने लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि या प्रश्नाला हे उत्तर तिला कधी मिळालं नव्हतं. तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "तू बाहेर हो. हे खासगी आहे."

मी बाहेर आले. दार लागलं. मी निर्लज्जासारखा दाराला कान लावला. आत काहीच ऐकू येईना. आमच्या नियमाप्रमाणे गप्प बसणं म्हणजे नाही, आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला. मग आतून ते हसू आलं, शनिवारचं, टेबलाचा काठ धरून हसली होती ते, आणि मी दारापासून कान काढून घेतला.